लोंगोलोंगोचं बी तरंगतंय, फेकून देऊ का?

सागरगोटा: टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफात, लोंगोलोंगो नावाची वस्ती आहे. तिथे सायकसलाही (पामसारखं दिसणारं झाड) लोंगोलोंगोच म्हणतात ना? इथे फिजीत त्याच सायकसचं बी मिळालंय, पण पाण्यात तरंगतंय. पोकळ असेल का?

खोडकिडा: हो, नाव तेच. फिजीत 'लोगोलोगो' लिहितात, उच्चार मात्र लोंगोलोंगोच. झाड सायकस सीमानी. व्हानुआतूत हेच नामेले. १९८० च्या झेंड्यावर डुकराच्या सुळ्यात दोन पानं आहेत ती याचीच.
बी फेकू नका! बुडतं ते चांगलं, हा नियम इथे चालत नाही. कवचाच्या आत स्पंजासारखा थर असतो, त्यामुळे चांगलं बीही तरंगतं. त्याच्या जोरावरच तर ते समुद्रातून बेटाबेटांवर पोचलं. हलवून बघा, आत खुळखुळलं तर गर सुकलाय.

कुंडीवाली: हातमोजे घालून बाहेरचा गर काढा, विषारी असतो. कुत्र्याला तर जवळही फिरकू देऊ नका. जाड्या वाळूत बी आडवं, निम्मं उघडं ठेवा. पूर्ण पुरलं आणि रोज पाणी घातलं की कुजतंच. आधी मूळ येतं, पान बरंच मागाहून. उकरून बघायचा मोह टाळा. काही महिने लागतात.

खोडकिडा: नर-मादी झाडं वेगळी असतात. जवळ नर नसेल तरी मादीला बिया धरतात, पण त्या वांझ. शंका असेल तर एखादी फोडून बघा.