'फेटिश'ला मराठीत काय म्हणावं?

निनावी
एक शब्द हवा आहे. भाषांतरासाठी नाही, स्वतःसाठी. एका ठरावीक वस्तूकडे माझं लैंगिक मन ओढलं जातं. वस्तू कोणती ते इथे सांगत नाही. हे वयात आल्यापासून आहे. कुणाला त्रास दिलेला नाही, कुणाची वस्तू उचललेली नाही. पण मला ते नको आहे. रात्र रात्र त्यात जाते आणि सकाळी स्वतःचीच किळस येते. समुपदेशकाकडे जायचं ठरवलं आहे. त्यांच्या अर्जात 'कशासाठी येत आहात, दोन ओळींत लिहा' असं आहे, तिथे चार दिवस अडलोय. 'फेटिश' लिहिलं की दुसऱ्याच कुणाची गोष्ट वाटते. मराठीत 'विकृती'शिवाय काही सुचत नाही. एक 'वस्तुकामुकता' सापडला, पण तो तोंडातून बाहेर पडेपर्यंत तासाची वेळ संपायची.

काना-मात्रा
शब्दाचं मूळ मजेशीर आहे, म्हणून आधी तेच. पोर्तुगीज 'फेइतिसू' म्हणजे मंतरलेली वस्तू, जादूटोणा. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलेल्या पोर्तुगीजांनी तिथल्या लोकांच्या पूज्य वस्तूंना हे नाव दिलं. १७६०मध्ये शार्ल द ब्रॉस या फ्रेंच विद्वानाने त्यावर पुस्तक लिहिलं आणि शब्द धर्माच्या अभ्यासात आला. मार्क्सने १८६७मध्ये तो बाजारातल्या मालाला लावला. कामभावनेशी त्याची गाठ घातली आल्फ्रेड बिने यांनी, १८८७च्या लेखात. पुढे बुद्धिमापन चाचणीमुळे गाजले तेच हे बिने.

पण खरी गंमत त्याच्याही मागे आहे. पोर्तुगीज शब्द आला लॅटिन 'फाक्तीकिउस'वरून, म्हणजे 'केलेलं, बनवलेलं'. आता आपल्याकडे बघा: करणे या क्रियापदापासून 'करणी'. संस्कृतात कृ धातूपासून 'कृत्या', तीही जादूटोण्याचीच. म्हणजे फेटिशचं शब्दशः मराठी आहे करणी! 'माझ्यावर कुणीतरी काहीतरी केलंय' ही भावना दोन्हीकडे तीच.

निनावी
वाचून हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. पण अर्जात 'मला करणी झाली आहे' लिहिलं तर मला भलतीकडेच पाठवतील.

अर्धविराम
'विकृती'बद्दल माझं भांडण आहे. तोही कृ धातूचाच. सांख्य दर्शनात मूळ प्रकृतीत बदल होऊन जे तयार होतं ते सगळं विकृती किंवा विकार. त्या हिशेबात डोळे, कान, पाणी, माती आणि खुद्द मन हेसुद्धा विकारच! त्यात शिवी कुठेच नव्हती. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी 'विकृत' हा शब्द गुन्हेगाराला चिकटवला, आणि आता कुणाला इजा न करणारा माणूसही आरशात बघून स्वतःला तेच म्हणतो. शब्द मुळात निर्दोष होता हे खरं, पण आज तो वापरू नका. व्युत्पत्ती सांगून शिवीची धार बोथट होत नाही.

पोटभेद
बोलीतले शब्द एकेक करून बघितले. 'नाद' आणि 'चटक' यांत माणसाने मजा मारल्याचा आरोप आहे, तो इथे लागू नाही. 'व्यसन' म्हटलं की सोडण्याचा सल्ला लगेच मागोमाग येतो. 'आसक्ती' कीर्तनातली वाटते. 'खोड' तर मुळीच नको. तिच्यामागे 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण उभीच असते, आणि मदत मागायला निघालेल्या माणसाने ती सोबत घेऊन जाऊ नये.

व्याकरणाचा एक मुद्दा. मराठीत मनाला-शरीराला जे होतं ते आपण बहुतेक वेळा 'मला'ने सांगतो. मला भूक लागते, मला राग येतो, मला भीती वाटते. माणूस एकीकडे, त्याला होणारी गोष्ट दुसरीकडे. 'मी विकृत आहे' यात ती फट बुजते, माणूस आणि गोष्ट एकच होऊन जातात. म्हणून मला वाटतं, जो शब्द 'मला' घेतो तोच निवडावा. आणि तो शोधायची गरजच नाही. तुमच्या तिसऱ्या वाक्यात आहे: 'मन ओढलं जातं'. ओढ. मला ओढ वाटते. नकोशी ओढ.

निनावी
मी लिहिलं होतं, पण माझ्या लक्षातच आलं नाही.

दुसरी बाजू
या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं लांबवते. 'ओढ' मला फार आवडला, कारण आमच्याकडेही अलीकडे हाच फरक केला जातो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत वेगळी लैंगिक ओढ असणं आणि त्याचा विकार असणं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. ती ओढ निदान सहा महिने असेल आणि तिच्यामुळे स्वतःला बराच त्रास होत असेल किंवा कामधंदा, नाती बिघडत असतील, तरच विकार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२पासून लागू झालेल्या यादीतून फेटिशचं वेगळं निदान काढूनच टाकलं. म्हणून अर्जात ओढीइतकाच त्रासही लिहा: झोप, किळस, वाया जाणारे तास. समोरचा माणूस काम करणार आहे ते त्याच्यावर. (दुसऱ्याच्या संमतीशिवाय काही करावंसं वाटत असेल, तर ते पहिल्याच भेटीत आणि स्पष्ट सांगायचं. तुमच्याबाबत तसं दिसत नाही.)

'बरं होणं' हा शब्दही जपून वापरा. ओढ मुळापासून उपटून देतो असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर सावध व्हा. शॉक किंवा किळस जोडून इच्छा मारण्याचे प्रयोग पूर्वी झाले, त्यांतून माणसं जास्त खचली. आता वेगळं काम चालतं: इच्छा केव्हा उसळते, त्याआधी एकटेपणा होता की ताण, ती आल्यावर कृती न करता थांबता येतं का, आणि शरमेचं ओझं कसं उतरवायचं. विचार दाबू नका. डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. आणखी एक: काहींना ओढ नसतेच, फक्त नकोसे विचार पुन्हा पुन्हा येऊन घाबरवतात. ते मंत्रचळेपणाचं (ओसीडीचं) लक्षण असू शकतं, त्याचे उपचार वेगळे. हे घरी ठरवू नका, विचारा.

औषध लागेल असं वाटलं तर समुपदेशक तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. औषध तेच लिहून देतात. गोपनीयतेचे नियम काय आणि तिला अपवाद कोणते, हे सुरुवातीलाच विचारा. हा प्रश्न उद्धट नाही.

अर्धविराम
'मंत्रचळेपणा'! बघा, इथेही मंत्र आलाच. काना-मात्रा, खूश?

काना-मात्रा
बेहद्द.

निनावी
हे लिहिलंय, बघा: 'एका वस्तूबद्दल मला बऱ्याच वर्षांपासून नकोशी लैंगिक ओढ वाटते. त्यामुळे झोप होत नाही, शरम वाटते, कुणाशी जवळीक करायला भीती वाटते. याबद्दल बोलायचं आहे.' दोनच्या तीन ओळी झाल्या.

पोटभेद
चालतील. 'शरम वाटते' आणि 'भीती वाटते', दोन्ही 'वाटते'च आहेत, एक काढलंत तर बसतील दोनात. पण राहू द्या.

निनावी
राहू दिलं. पाठवलं आत्ताच.