सिस्टर पेशंटजवळ नसते तेव्हा काय करत असते? नर्सिंगमधल्यांनी लिहावं

"सिस्टर सारखी लिहीतच बसलेली असते" ही तक्रार नाशिकच्या कुठल्याही वॉर्डात ऐकू येते. अमेरिकेतल्या ३६ हॉस्पिटलांची एक पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तिथेही नर्सच्या कामात सर्वांत मोठा वाटा लिखापढीचाच निघाला, ३५ टक्क्यांच्या आसपास. तुमच्याकडे कसं असतं? देश आणि वॉर्ड लिहा, हॉस्पिटलचं नाव नको.

इंदिरानगर, खासगी हॉस्पिटल
आधीच्या शिफ्टकडून ओव्हर (पेशंटची माहिती) घ्यायचा, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) तपासायची, औषधांच्या फ्रिजचं तापमान लिहायचं, इंडेंट (औषधं-सामानाची मागणी) टाकायचा. याबद्दल माझी काही तक्रार नाही, वेळेला ॲड्रेनलिन हाताशी मिळतं ते यामुळेच. राग येतो तो कॅशलेस डिस्चार्जचा. फार्मसी, बिलिंग, टीपीए (विम्याचे दावे बघणारी कंपनी), सगळ्यांना फोन आम्हीच करायचे आणि "ताई, अजून किती वेळ?" हेही आम्हीच ऐकायचं. तिकडे कुणाचं तरी सलाईन संपत आलेलं असतं. हे काम नर्सचं नाहीच.

नाशिक रोड, सध्या इंग्लंड, वृद्धांचा वॉर्ड
इथे मॉर्फिन द्यायचं तर दोघींनी मिळून मोजायचं, रजिस्टरवर दोघींच्या सह्या. दुसरी मोकळी होईपर्यंत थांबावं लागतं. आजोबा बरे झाले तरी घरी काळजी घेणारं माणूस ठरल्याशिवाय पाठवता येत नाही, त्यासाठी सोशल वर्करशी फोनाफोनी चालते. पण तुलना करताना एक ध्यानात घ्या: नाशिकला अंघोळ, भरवणं, बेडपॅन बरंचसं नातेवाईक आणि मावशी करतात. इथे ते असिस्टंट आणि आम्ही करतो. ते धरलं नाही तर आकडे फसवतात.

कॅलिफोर्निया, सर्जिकल वॉर्ड
एका नर्सकडे जास्तीत जास्त पाच पेशंट, तसा कायदाच आहे. औषध देताना पेशंटच्या मनगटावरचा बारकोड स्कॅन करते, नोंद तिथेच होते. तरी टायपिंग संपत नाही.

पेठ तालुका, उपकेंद्र, एएनएम (उपकेंद्राची नर्स)
आमच्याकडे वॉर्ड नाही, पाडे आहेत. गरोदर बाईची नोंद आधी आरसीएच (माता-बाल आरोग्य) रजिस्टरमध्ये, मग तीच सरकारी पोर्टलवर. पाड्यावर रेंज नसते, म्हणून पोर्टलचं काम घरी येऊन रात्री. पण कुणाचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलंय, कुणाला आजच पुढे पाठवायचंय, हे मला त्या रजिस्टरमधूनच दिसतं. पोर्टलचं काम डाटा एंट्रीवाल्याला द्या, रजिस्टर मात्र माझ्याकडेच राहू द्या.