निवडणूक लढवलेल्या वकिलाने पुन्हा सरकारी वकील व्हावं का? (उज्ज्वल निकम)

खान्देशी
निकमसाहेब आमच्या जळगावचे. ९३ चे बॉम्बस्फोट, कसाब, शक्ती मिलचा सामूहिक बलात्कार, कोपर्डी... एवढे खटले लढले, कौतुक आहेच. पण २०२४ ला भाजपच्या तिकिटावर उत्तर मध्य मुंबईतून उभे राहिले, वर्षा गायकवाडांकडून साडेसोळा हजार मतांनी पडले, आणि त्याच जूनमध्ये परत विशेष सरकारी वकील! जुलै २०२५ ला तर राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमलं. सरकारी वकील पोलिसांचा नाही, पक्षाचा तर नाहीच; आरोपीच्या बाजूचा पुरावा असला तरी तो दडवू नये अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. एकदा प्रचाराची गाडी फिरवली की हा भरवसा उरतो का? माझं मत: नाही.

काळा कोट
भरवसा कोणाचा? मस्साजोगला जाऊन विचारा. तिथले सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनाच्या खटल्यात निकमच हवेत म्हणून गावकरी उपोषणाला बसले होते, तेही निवडणूक होऊन गेल्यावर. ज्या प्रकरणात सत्तेतल्याच मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, तिथे लोकांना 'सत्ताधारी' वकील चालला. आणि कसाबच्या खटल्यात ते उभे होते तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं, हे सोयीने विसरू नका.

खान्देशी
गावकऱ्यांना शिक्षा हवी होती, साहजिक आहे. मी आरोपीच्या बाजूने विचारतोय. त्याला समोर खासदार दिसतो.

पुणेरी शंका
मुळात राजकारण लागतंच कशाला? कसाब तुरुंगात बिर्याणी मागतोय असं निकमांनीच खटल्याच्या वेळी पत्रकारांना सांगितलं होतं. २०१५ ला जयपूरला त्यांनी स्वतःच सांगितलं की त्याने बिर्याणी मागितलीच नव्हती, त्याच्याबद्दल सहानुभूतीची लाट तयार होत होती ती मोडायला आपणच ते रचलं. मला तिकिटापेक्षा हे जास्त खटकतं. खटला चालू असताना सरकारी वकिलाने कॅमेऱ्यासमोर खोटं सांगायचं, आणि आम्ही वर टाळ्या वाजवायच्या?

काळा कोट
बिर्याणी कोर्टाच्या रेकॉर्डवर नव्हती. फाशी पुराव्यावर झाली, आणि सुप्रीम कोर्टातही टिकली.

पुणेरी शंका
शक्ती मिलची नाही टिकली. २०२१ ला हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. टीव्हीवर मात्र फाशीचा आकडा म्हणजेच वकिलाची उंची.

आडगाव बुद्रुक
थोडं कलमाचं बोलू. महाधिवक्ता राज्य सरकारचाच वकील, तरी घटनेच्या कलम १७७ प्रमाणे विधिमंडळात बोलू शकतो. मत मात्र देऊ शकत नाही. म्हणजे सरकारी वकिली आणि मतदानाचा हक्क एका हातात नको, हे घटनाकारांना कळत होतं. राज्यसभेचं म्हणाल तर राष्ट्रपतींनी नेमायच्या सदस्यांसाठी कलम ८० मध्ये साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा एवढंच आहे. वकिली कशात बसवली? समाजसेवेतच असणार. (आमच्या तालुक्याच्या कोर्टात ही समाजसेवा तारखेला दोन हजार घेते.)

काळा कोट
दोन हजारात कोण मिळतो हो? पत्ता द्या. बाकी १७७ चा मुद्दा मान्य, पण ते महाधिवक्त्यापुरतं. विशेष सरकारी वकिलाला कायदा दहा वर्षांची वकिली मागतो, पक्ष विचारत नाही.

खान्देशी
विचारत नाही, तेच तर दुखणं आहे. किमान आरोपीला हरकत घ्यायची सोय ठेवा.

काळा कोट
मग प्रत्येक आरोपी हरकत घेईल आणि खटला उभाच राहणार नाही.