प्रशिक्षण आणि मेळावा, दोन्हींसाठी प्रेझेंटेशनचं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? (नागपूर)

हिंगणारोड
नमस्कार मंडळी. आमची छोटी संस्था आहे. काटोल, उमरेड, कळमेश्वर भागात बचतगटांची आणि तरुण शेतकऱ्यांची प्रशिक्षणं घेतो, मिळेल त्या समाजभवनात. शिवाय वर्षातून एकदा नागपुरात मोठा मेळावा. यंदा रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात घ्यायचं चाललंय. तिथे सत्कार, फिल्म, गाणी, भाषणाच्या स्लाइड, सगळं एकामागोमाग. आजवर ज्याच्या लॅपटॉपात जे असेल त्यावर भागवलं. आता एकच काहीतरी ठरवायचंय. विंडोजचे तीन लॅपटॉप आहेत, ऑफिस एकावरच. पैसे बेताचे. नवी मुलं नेटवर स्लाइड बनवायचं कॅनव्हा, प्रेझी म्हणतात. काय घ्यावं?

संत्राबर्फी
कॅनव्हात बनवा खुशाल, पण सभागृहात नेटवर चालवू नका. पीपीटीएक्स (पॉवरपॉइंटची फाइल) किंवा एमपी४ (व्हिडिओ) करून उतरवून घ्या. गुगल स्लाइड्सचंही तेच. ऑफलाइन चालतं, पण क्रोममध्ये आधी सुरू करून ठेवावं लागतं आणि त्यात घातलेला यूट्यूबचा व्हिडिओ नेटशिवाय हलत नाही. प्रेझीच्या गरगर फिरण्याने मागच्या रांगेतल्या काकूंना भोवळ येते, एवढंच सांगते.

झिरोमाइल
ताई बरोबर बोलल्या. पण भाऊ, "एकच ठरवायचंय" हाच अट्टाहास सोडा. ही दोन वेगळी कामं आहेत.

प्रशिक्षणाला मधेच थांबावं लागतं, मागची स्लाइड पुन्हा दाखवावी लागते. तिथे पॉवरपॉइंट उत्तम. बाकीच्या दोन लॅपटॉपवर लिबरऑफिस टाका, फुकट आहे. त्यातल्या इम्प्रेसमध्येही वक्त्याला टिपणं वेगळ्या पडद्यावर दिसतात. फक्त पॉवरपॉइंटची फाइल त्यात उघडली की मांडणी थोडी सरकते, म्हणून ज्यात दाखवायचं त्यातच बनवा.

मेळाव्याला मात्र पॉवरपॉइंटवर फिल्मा लटकवू नका. ओबीएस स्टुडिओ घ्या. फिल्म, फोटो, कॅमेरा एकामागोमाग पडद्यावर सोडायचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट. प्रत्येक आयटमचा एक सीन करायचा: संस्थेचा लोगो, फिल्म एक, सत्कारमूर्तींचे फोटो, कॅमेरा. स्टुडिओ मोडमध्ये पुढचा सीन आधी स्वतः बघायचा, मग पडद्यावर सोडायचा. लोकांना डेस्कटॉप आणि माउसची धावपळ दिसतच नाही. विंडोज आणि पी दाबून "एक्स्टेंड" करा आणि फुलस्क्रीन प्रोजेक्टर दुसऱ्या पडद्यावर टाका. एक खोच आहे: ओबीएसमध्ये फिल्मचा आवाज मुळात रेकॉर्डिंगकडेच जातो, हॉलमध्ये ऐकू येत नाही. ॲडव्हान्स्ड ऑडिओमध्ये जाऊन त्या फिल्मला "मॉनिटर अँड आउटपुट" करावं लागतं. नवखे इथेच घामाघूम होतात.

आणि आयफोनवर घेतलेल्या फिल्मा बहुतेक एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ प्रकारात असतात, जुना विंडोज लॅपटॉप त्यावर रुसतो. हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलायच्या सॉफ्टवेअरने आदल्या दिवशीच एच२६४ या जुन्या प्रकारातलं एमपी४ करून घ्या.

गोरेवाडा
फॉन्टचं कोणीच काहून बोलून नाही राहिलं राजेहो? कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली स्लाइड दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की पाहुण्याच्या नावाची रोमन खिचडी होते. युनिकोडमध्येच टाइप करा. निर्मला यूआय हा युनिकोड फॉन्ट विंडोज ८ पासून सोबतच येतो. मुक्ता हा बाहेरचा फॉन्ट वापरला तर पॉवरपॉइंटच्या ऑप्शन्समधून सेव्हमध्ये जाऊन फाइलीतच एम्बेड करा.

आवाजाचंही पाहा. एचडीएमआय लावली की लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरकडे ढकलते आणि मिक्सर मुका. विंडोजमध्ये आउटपुट हेडफोनचं निवडा. चार्जर लावल्यावर भोंग्यातून घूं घूं आलं तर साउंडवाल्याले डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे लावायचा डबा) मागा, तो नसेल तर फिल्म चालू असेपर्यंत चार्जर काढा.

हिंगणारोड
खूप आभार. ओबीएस आजच टाकतो. मंडपवाला प्रोजेक्टरऐवजी एलईडी वॉल देतो म्हणतोय. त्यासाठी स्लाइड १६:९ चीच ठेवायची ना?

झिरोमाइल
नाही. आधी वॉलवाल्याला पिक्सेल विचारा, फूट नको. ३.९ पिचच्या (दोन ठिपक्यांत ३.९ मिमी अंतर) वॉलमध्ये अर्ध्या मीटरच्या एका पॅनेलवर १२८ बाय १२८ ठिपके बसतात. आठ आडवी, चार उभी लावली तर १०२४ बाय ५१२, म्हणजे २:१. स्लाइडचा आकार कस्टममध्ये ४० बाय २० सेमी करा. ओबीएसचा कॅनव्हासही त्याच मापाचा ठेवा. आणि ठिपके एवढे कमी म्हटल्यावर अक्षरं मोठीच हवीत. एका स्लाइडवर चार ओळींच्या वर गेलात तर मागच्यांना काही वाचता येणार नाही.