घावलं! (चित्रात शोधायची पुस्तकं आणि आपली पोरं)

साडेतीन वर्षांच्या लेकाला चित्रात शोधायच्या पुस्तकाचं वेड लागलंय. दोन पानं भरून बाजार, त्यात लपलेलं मांजर. सापडलं की आज्जीकडनं उचललेलं "घावलं!" अख्ख्या शाहूपुरीला ऐकू जातं. जर्मनीत अशा पुस्तकांना 'व्हिमेलबुख' म्हणतात. तिथले चित्रकार अली मिटगुच यांचं शहराचं बिनशब्दांचं पुस्तक 1968 चं. तुमची पोरं यातनं काय शिकली? लिहा.

लक्ष्मीपुरीतली आई
आमच्यात 'खाली', 'मागं', 'आड' हे शब्द असेच आले. आधी नुसतं बोट दाखवायची. मी मुद्दाम म्हणायचे, "कुठं? मला दिसंना." मग "गाडीच्या मागं, टोपलीत" असं एकेक निघायला लागलं. आता खऱ्या बाजारातही "आई, भेंडीच्या मागं बोका!" आणि मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उभी.

दोन पोरांचा बाप
दीड वर्षाच्याला गर्दीचं पान देऊ नका. फाडतो.

पहिलीच्या बाई
घ-ध, भ-म यात पोरं अडकतात. फरक केवढा, तर वरच्या रेघेतली फट. सारख्या दिसणाऱ्या छत्र्यांतनं बिनदांड्याची हुडकणारी नजर इथं उपयोगी पडते. पण पुस्तकामुळंच वाचायला आलं असं मी म्हणणार नाही. अक्षरं गिरवावीच लागतात.

राजारामपुरीकर
वाचनालयातनं आणलं, तर आधीच्या कुणीतरी प्रत्येक वस्तूला लाल पेनानं गोल करून ठेवलेला! लेक रडकुंडीला. मग नवऱ्यानं प्रश्नच बदलले. "यात भूक कुणाला लागलीय?" "आत्ता पाऊस आला तर कोण भिजंल?" पंधरा मिनिटं एकाच पानावर. छत्री विसरलेल्या बाईची गोष्टच रचली तिनं. खरं सांगू, मांजर शोधण्यापेक्षा हे भारी झालं.

आजोबा
मोतीबिंदू काढलाय, तरी नातूच जिंकतो. सगळ्यांना वाटतं मी मुद्दाम हरतो. नाही ओ.

अंगणवाडी, करवीर
पंचवीस पोरांत एक पुस्तक कुठं पुरतंय? पेपरातला जोतिबाच्या चैत्र यात्रेचा मोठा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवला. सासनकाठ्या, म्हणजे यात्रेतल्या उंच काठ्या, मोजा म्हटलं. दहाच्या पुढं कुणी गेलं नाही, निम्म्या तर गुलालात दिसतच नव्हत्या. तेवढ्यात एकीनं विचारलं, "माझा बाबा हुडकू?" तो यात्रेला गेलेला. झालं, सगळी अंगणवाडी फोटोवर वाकली.

चार बाबा घावले.