नोटमधे नुसतं 'सिव्हिअर हेमोरॉइड्स' (मूळव्याध), के६४.३ कोड चालेल का?

मिहान_नाईटशिफ्ट
नमस्कार मंडळी, मी नागपूरच्या मिहानमधे यूएसचे चार्ट कोड करते (पेशंटच्या नोट वाचून निदान आणि ऑपरेशनला बिलासाठी कोड देते), जनरल सर्जरीचं काम आमच्या टीमकडे नवीनच आलं आहे. एक चार्ट अडकून पडला. फायनल डायग्नोसिसमधे डॉक्टरनं लिहिलं 'सिव्हिअर ब्लीडिंग हेमोरॉइड्स', बस, डिग्रीचा पत्ताच नाही. टीएल (टीम लीड) म्हणून राहिली सिव्हिअर म्हणजे चौथी डिग्री, के६४.३ टाक आणि पुढं सरक, बाजूचा म्हणते अनस्पेसिफाइड के६४.९ टाक आणि रक्त जाते म्हणून के६२.५ पण जोड. ऑपरेशन झालं आहे, त्यात 'हेमोरॉइडेक्टमी ३, ७ आणि ११ ओक्लॉक' इतकंच वाचलं मी आतापर्यंत. वरून हिमोग्लोबिन ७.४. काय टाकू? एक कोड चुकला तर क्यूएवाले (क्वालिटी तपासणारे) पूर्ण चार्टचा स्कोर खातात.

प्रतापनगर_जुना_कोडर
या बाबतीत टीएलचं ऐकू नको. आयसीडी-१०-सीएमच्या (निदानाच्या कोडांची यादी) के६४ मधे सिव्हिअर हा शब्दच नाही, पहिले चार कोड सगळे मूळव्याध बाहेर येते की नाही आणि आली तर आत कशी जाते यावर बसवले आहेत. बाहेर येतच नाही तर के६४.०, जोर दिल्यावर येते पण आपोआप आत जाते तर .१, हातानं ढकलावी लागते तर .२, ढकलूनही जात नाही तर .३. हे वर्णन टॅब्युलर लिस्टमधे (कोडांची क्रमवार यादी) कोडखालीच छापून आहे, म्हणून डॉक्टरनं 'ग्रेड ३' असा आकडा लिहिलाच पाहिजे असं काही नाही, त्यानं वर्णन लिहिलं असलं तरी पुरते. डायग्नोसिसची ओळ सोड आणि एचपीआय (तक्रारीचा इतिहास), एक्झाम (तपासणी) नीट वाच. नुसतं 'सिव्हिअर हेमोरॉइड्स' आणि बाकी कुठंच काही नसलं तर के६४.९, इंटर्नल लिहिलं पण डिग्री नाही तर के६४.८, एक्स्टर्नल असलं तर के६४.४, आणि थ्रॉम्बोज्ड (आत रक्त गोठलेलं) म्हटलं तर के६४.५.

के६२.५ अजिबात नको. इंडेक्समधे (निदानाच्या शब्दांची सूची) हेमोरॉइड्सच्या पुढंच कंसात ब्लीडिंग आहे, म्हणजे रक्त गेलं काय न गेलं काय, कोड तोच.

सर्जन_मेडिकल_चौक
कोडिंग माझा प्रांत नाही पण विषय मूळव्याधीचा आहे म्हणून लिहितो. सिव्हिअर म्हणजे चौथी डिग्री हे आमच्या हिशेबानंही चूक आहे. पहिल्या डिग्रीचा पेशंट, बाहेर काही दिसत नाही, पण महिनोन्‌महिने थेंब थेंब रक्त जाऊन पांढराफटक होऊन येतो, आणि दुसरा चौथ्या डिग्रीचा, वर्षानुवर्षं कोंब बाहेर लटकून आहे पण रक्ताचा टिपूस नाही. डॉक्टर दोघांनाही सिव्हिअर लिहून मोकळा होतो. (आमच्याकडचे पेशंट सगळं खापर तिखट सावजी जेवणावर फोडतात, पण मूळ भानगड कडक शौच आणि कुंथण्याची असते, मे महिन्यात पाणी कमी पडलं की ती वाढते.)

३, ७, ११ म्हणजे पेशंट पाठीवर, पाय वर बांधलेले, अशा पोझिशनमधे समोरून बघताना घड्याळाचे आकडे. डावी बाजू ३, उजवी मागची ७, उजवी पुढची ११. मूळव्याधीच्या नेहमीच्या तीन गाद्या इथंच असतात.

प्रतापनगर_जुना_कोडर
डॉक्टरसाहेबांनी बरं केलं सांगून, कारण सीपीटीची (ऑपरेशनच्या कोडांची) मेख इथंच आहे. तीन आकडे म्हणजे तीन कॉलम (मूळव्याधीचे गट), पण त्यावरून इंटर्नल काढली की एक्स्टर्नल ते समजत नाही. ४६२६० टाकायला दोन्ही काढलेल्या पाहिजेत आणि कॉलम दोन किंवा जास्त. एकच कॉलम तर ४६२५५, नुसत्या एक्स्टर्नल दोन किंवा जास्त तर ४६२५०. स्टेपलरनं केलं असलं तर ४६९४७, त्याचा हिशेबच वेगळा. हेडिंग वाचून कोड नको टाकू, हेडिंग बरेचदा टेम्प्लेटमधून येते, खाली प्रोसिजरच्या वर्णनात चीर कुठून सुरू केली आणि डेंटेट लाइनच्या (इंटर्नल-एक्स्टर्नल वेगळं करणारी गुदमार्गातली रेषा) वर गेला का ते बघ. आणि सोबत अॅनोस्कोपी (छोट्या नळीतून गुदमार्ग आतून बघणं) केली म्हणून ४६६०० वेगळं नको लावू, ते त्यातच धरते.

मिहान_नाईटशिफ्ट
आत्ता पूर्ण वाचलं. एक्झाममधे सापडलं हो! 'प्रोलॅप्स्ड इंटर्नल हेमोरॉइड्स, मॅन्युअली रिड्यूस्ड'. आणि ऑप नोटच्या तिसऱ्या पॅराग्राफमधे तिन्ही ठिकाणी इंटर्नल आणि एक्स्टर्नल दोन्ही काढल्याचं स्पष्ट आहे. मग के६४.२, सोबत के६४.४ आणि ४६२६०, बरोबर ना? हिमोग्लोबिनचं काय करू, ७.४ म्हणजे अॅनिमिया तर दिसूनच राहिला.

प्रतापनगर_जुना_कोडर
हो, तिन्ही बरोबर. अॅनिमिया तुला दिसते, मलाही दिसते, पण लॅबच्या आकड्यावरून आपण डायग्नोसिस नाही टाकू शकत, डॉक्टरनं शब्दात लिहिला पाहिजे. क्वेरी (डॉक्टरला लेखी प्रश्न) टाक. पण 'हा ब्लड लॉस अॅनिमिया आहे का' असं विचारू नको, ती लीडिंग (उत्तर सुचवणारी) क्वेरी होते, ऑडिटमधे तिथंच धरतात. लिही की हिमोग्लोबिन ७.४ आहे, मलमार्गानं रक्त गेल्याची नोंद आहे, आयर्न चालू केलं असलं तर तेही, याच्याशी जोडलेलं निदान असल्यास कृपया नोंदवावं. पर्यायात अक्यूट, क्रॉनिक, इतर, ठरवता येत नाही, असं सगळं ठेव. अक्यूट ब्लड लॉस अॅनिमिया आला तर डी६२, रक्त हळूहळू जाऊन आयर्नची कमतरता लिहिली तर डी५०.०. कोणतं ते त्यानंच ठरवायचं.

मिहान_नाईटशिफ्ट
पाठवली क्वेरी. टीएल म्हणते टॅट (चार्ट संपवायची मुदत) हुकेल. टॅब्युलर लिस्टचं पान मेल करून टाकलं तिला, सीसीमधे क्यूए.