पाठीवर सॅक असताना हँडगन नेमकी कुठे लावायची?

डोंगरखुळा

मंडळी, ऑगस्टच्या शेवटी आम्ही तिघं वायोमिंगला विंड रिव्हर रेंजच्या उत्तरेकडच्या भागात ५-६ दिवसांसाठी जाणारोय. तिकडे ग्रिझली (मोठी तपकिरी अस्वलं) आहेत. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) तिघांकडेही असणारच आहे, त्यामुळे "बंदूक कशाला हवी" हा वाद शक्यतो नको (होणारच हे माहितीये, तरी सांगून ठेवतो). ग्रीन कार्ड आल्यावर रीतसर ग्लॉक २० पिस्तूल घेतली, १० एमएम गोळीची, रेंजवर नियमित जातो, चालवायचा प्रश्न नाही. प्रश्न आहे लावायची कुठे. रोजचा बेल्टवरचा होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) सॅकच्या हिपबेल्टच्या, म्हणजे कंबरेच्या पट्ट्याच्या, बरोब्बर खाली येतो, मूठ बरगडीत घुसते आणि पट्टा आवळला की पिस्तूल बाहेरच निघत नाही. सॅकच्या वरच्या खिशात ठेवली तर मग नेण्यात अर्थच काय. आता छातीवरचा होल्स्टर, हिपबेल्टला अडकवायचा होल्स्टर, मांडीवरचा आणि पुढे बांधायची छोटी बॅग असे चार प्रकार दिसतायत आणि व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय. भरलेली ग्लॉक सव्वा किलोच्या आसपास जाते तेव्हा वजनाचाही विचार करून सांगा. सॅक ६५ लिटरची आहे.

निवांत_भटका

वाद नको म्हणालात तरी एवढं लिहितोच. अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या घटनांचे दोन अभ्यास केलेत. २००८ च्या अभ्यासात स्प्रे वापरलेल्या घटना होत्या, त्यात जवळ असलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना काहीही इजा झाली नाही. २०१२ च्या अभ्यासात बंदूक जवळ असलेल्या २६९ घटना होत्या, आणि तिथे बंदूक वापरली काय नि नुसती जवळ असली काय, माणसाला किती लागलं यात फरक दिसला नाही. आता स्प्रेच्या बऱ्याच घटनांमध्ये अस्वल नुसतं हुंगत आलेलं होतं, अंगावर धावून आलेलं नव्हतं, हेही खरं, म्हणून दोन आकडे शेजारी ठेवून निकाल लावू नका. माझं म्हणणं एवढंच की जिथे हात सगळ्यात आधी जातो ती जागा स्प्रेला द्या, पिस्तुलाला उरलेली. उलटं करू नका.

कातळवाट

वरच्यांशी सहमत, आता मूळ प्रश्नाकडे येतो.

हिपबेल्टला अडकवायचा होल्स्टर दुकानात एकदम सोयीचा वाटतो, वजन कंबरेवर, हात सरळ खाली, सगळं छान. पण सॅक उतरवली की पिस्तूलही उतरलं. आता दिवसभरात सॅक कधी उतरते ते आठवा, पाणी भरायला ओढ्यावर गेलात, झुडपाआड गेलात, दुपारी खायला बसलात आणि संध्याकाळी स्वयंपाक करताना. म्हणजे नेमकं ज्या वेळी तुम्ही गप्प बसलेले असता, वाकलेले असता नि आजूबाजूला खायच्या गोष्टींचा वास असतो, त्या वेळी पिस्तूल वीस पावलांवर झाडाला टेकवून ठेवलेलं. आणि नदी ओलांडताना हिपबेल्ट नि छातीची क्लिप सोडूनच पाण्यात शिरतो ना आपण, पाय सरकला तर सॅक झटकन टाकता यावी म्हणून. सॅक टाकली की तिच्याबरोबर ग्लॉकही वाहत जाणार. त्यामुळे माझ्या मते हा प्रकार बादच.

मांडीवरचा चालायला वैतागवाणा आहे, प्रत्येक पावलाला सव्वा किलो पायावर हिंदकळतं, चढावर पट्टा सरकतो आणि तासाभरात आतून घासायला लागतं. पोलिसांना ठीक, त्यांना डोंगर चढायचा नसतो.

राहता राहिला छातीवरचा. मी हाच वापरतो, कायडेक्सचा (कडक प्लॅस्टिकचा), केनाई म्हणून मिळतो तो. चामड्याचेही चांगले असतात, दिसायला तर फारच देखणे, पण घामाने नि पावसाने चामडं ओलं राहतं आणि ते ओलं चामडं दिवसरात्र पिस्तुलाला चिकटून असतं. हा आधी अंगात घालायचा आणि वरून सॅक चढवायची, म्हणजे सॅक उतरली तरी तो अंगावरच राहतो, सगळी गंमत त्यातच आहे. पट्टे असे जुळवा की होल्स्टर छातीच्या क्लिपच्या खाली आणि हिपबेल्टच्या बकलच्या वर, मधल्या मोकळ्या जागेत बसेल, साधारण बरगड्यांचा पिंजरा संपतो तिथे. हे घरीच, सॅकमध्ये खरोखरचं वजन भरून करायचं, कारण रिकाम्या सॅकचे पट्टे वेगळे बसतात.

तोटेही सांगतो. उतारावर स्वतःचे पाय दिसत नाहीत. विंड रिव्हरला मोठमोठ्या दगडांचे पसारेच्या पसारे आहेत, तिथे हे जाणवतं, आणि हातांनी धरून चढायचं असेल तर होल्स्टर दगडाला घासतो. वाकलं की पुढे लोंबतो, म्हणून पाठीमागून गुंडाळायचा खालचा पट्टा असलेलाच घ्या.

सह्याद्रीची_लेक

कातळवाट यांचं सगळं बरोबर आहे पण ते पुरुषाच्या छातीचं बरोबर आहे 😄 प्रश्नकर्त्याला लागू नाही पण वाचणाऱ्या बायकांसाठी लिहितेय. मधोमध तिरका बसणारा कडक होल्स्टर मला कुठल्याच उंचीवर बसला नाही, वर घेतला की हनुवटीशी, खाली घेतला की हिपबेल्टच्या बकलवर आपटतो. शेवटी छातीवर बांधायची सपाट बॅग घेतली, हिल पीपल गिअरची किट बॅग म्हणतात ती, मागचा कप्पा खास पिस्तुलासाठी असतो. बाहेरून कळतही नाही आत काय आहे, वाटेत लोक टकमका बघत नाहीत, आणि पावसाची जॅकेट वरून अर्धी बंद करता येते. पण एक, चेन उघडायला एक हात आणि काढायला दुसरा, म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत आणि वेळ जास्त लागतो. आणि कप्प्यात नुसती पिस्तूल टाकू नका बरं का, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक कवच आत हवंच, आणि त्या कप्प्यात दुसरं काहीही नको, चॅपस्टिकसुद्धा नाही.

कायदेकानू

होल्स्टर राहू दे बाजूला, बरोबरचे दोघं कुठल्या व्हिसावर आहेत? विचारतोय कारण एच-१बी किंवा एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने अमेरिकेत बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. अपवाद आहेत, त्यातला मुख्य म्हणजे वैध शिकारीचा परवाना, पण "माहित नव्हतं" हा अपवाद नाही. आणि समोरचा तसा आहे हे माहीत असून त्याच्या हातात देणाराही अडकतो. म्हणजे "जरा धर रे, मी ओढ्यावरून येतो", "माझी सॅक जड झालीय, गोळ्यांचा डबा तुझ्यात टाक", "एक फोटो काढ ना माझा हातात घेऊन", यातलं काहीच नको. ग्रीन कार्डवाल्याला फेडरल कायद्याची ही आडकाठी नाही, पण गुन्हा सिद्ध झाला तर ते कार्डही जाऊ शकतं, मग इतक्या वर्षांची वाट बघणं पाण्यात.

दुसरं, २०१० च्या फेब्रुवारीपासून नॅशनल पार्कमध्ये बंदूक बाळगायला त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो. पण बाळगणं वेगळं आणि झाडणं वेगळं, आणि व्हिजिटर सेंटर, रेंजर स्टेशन या फेडरल इमारतींत नेताच येत नाही. जाताना ग्रँड टेटन नॅशनल पार्कला थांबणार असाल तर लक्षात ठेवा, छातीवर लावून नकाशा विचारायला आत शिरू नका. वायोमिंगमध्ये उघडी दिसणारी पिस्तूल लावायला परवाना लागत नाही, पण त्यावर जॅकेटची चेन ओढली की ती लपवलेली होते आणि तिचे नियम वेगळे, तेव्हा पर्मनंट रेसिडेंटसाठी, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांसाठी, काय लिहिलंय ते राज्याच्या साईटवर निघायच्या आधी वाचा. विमानाने जाणार असाल तर कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, रिकामी, फक्त चेक-इन सामानात, आणि काउंटरवर तोंडाने सांगायचं. आणि गंमत बघा, बेअर स्प्रे मात्र चेक-इनमध्येही चालत नाही. तो आणि स्टोव्हचा गॅस तिकडे उतरूनच घ्यावा लागतो.

डोंगरखुळा

बापरे, व्हिसाचं डोक्यातच नव्हतं, दोघांतला एकजण एच-१बीवर आहे. त्याला सांगितलं, तो म्हणे मला हातही लावायचा नाहीये 😅 विमानानेच जातोय, स्प्रे तिकडेच घेऊ. कातळवाट, दोन शंका. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) गोळी ठेवून चालायचं का रिकामं ठेवायचं? ग्लॉकला बाहेरून सेफ्टीचा खटका नाही आणि छातीवर भरलेली पिस्तूल म्हटलं की बायकोच्या आधी मलाच धडकी भरते. आणि रात्री तंबूत काय?

कातळवाट

होल्स्टर कडक असेल, ट्रिगर पूर्ण झाकत असेल आणि पिस्तूल आत नीट पकडून ठेवत असेल तर मी भरलेलं चेंबर ठेवतो, कारण रिकामं ठेवलं तर गोळी चेंबरमध्ये चढवायला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायला दुसरा हात लागतो आणि त्या वेळी दुसरा हात मोकळा असेलच असं नाही. ग्रिझली जोरात आलं तर ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावतं, म्हणजे तीस मीटर दोन सेकंदांत. पण धडकी भरत असेल तर जबरदस्ती करू नका, रिकामं ठेवा आणि तसाच सराव करा. पकड तपासायला पिस्तूल पूर्ण रिकामी करा, होल्स्टरमध्ये घाला आणि अंथरुणावर उलटी धरून हलवा, पडली तर पकडीचा स्क्रू आवळा.

खरा धोका काढताना नाही, परत घालताना आहे. जॅकेटला गळ्याशी आणि खाली ज्या ओढायच्या दोऱ्या असतात ना, त्यांचं प्लॅस्टिकचं टोक होल्स्टरच्या तोंडात शिरतं आणि ट्रिगरच्या कडीत अडकतं. छातीवर तर त्या दोऱ्या नेमक्या तिथेच लोंबतात. कापून टाका नाहीतर आत खोचा, आणि परत घालताना मान खाली करून बघत, सावकाश घाला, तेव्हा घाई कसलीच नसते. उजव्या हाताने काढणाऱ्याची नळी बाहेर येताना डावीकडे फिरते, म्हणून डावा हात छातीशी चिकटवून ठेवायची सवय लावा आणि सोबत्यांना सांगून ठेवा की काही झालं तर कुणी तुमच्या डाव्या हाताला उभं राहायचं नाही.

ट्रेकिंग पोलचे मनगटातले फासही काढून चाला, त्यात हात अडकलेला असेल तर ना स्प्रे निघतो ना पिस्तूल. दहा दहा मिनिटं घरात सॅक चढवून, पोल धरून, रिकाम्या पिस्तुलाने हे करून बघा, शेजारी खिडकीतून बघणार नाहीत एवढी काळजी घेऊन.

रात्री पिस्तूल होल्स्टरमध्येच, डोक्याशी, हेडलॅम्प आणि स्प्रेच्या शेजारी, रोज त्याच बाजूला. स्लीपिंग बॅगच्या आत किंवा उशाखाली नाही. तंबूत तिघं झोपलेले असताना अंधारात कापडाच्या आरपार गोळी झाडायची नाही हे आधीच ठरवून टाका, कारण बाहेर खुडबुड करणारा बहुतेक वेळा तुमचाच लघवीला उठलेला मित्र असतो. खाणं, टूथपेस्ट, सगळं वासाचं सामान डब्यात घालून तंबूपासून शंभरेक पावलं लांब, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा पिस्तुलाने पडत नाही.

डोंगरखुळा

ठरलं, छातीवरचा कायडेक्सचाच मागवतोय, खालचा पट्टा असलेला. मग स्प्रे कुठे लावू? निवांत_भटका म्हणतात तशी पहिली जागा त्याला द्यायचीय पण छाती तर आता भरली.

निवांत_भटका

पॅन्टच्या स्वतःच्या बेल्टला लावा, हिपबेल्टच्या खाली सरकवून, मांडीच्या वरच्या अंगाला. डबा हलका असतो, हिंदकळत नाही, आणि सॅक उतरली तरी अंगावर राहतो. सॅकच्या खांद्याच्या पट्टीला लावतात बरेच जण, पण तिथे हिपबेल्टवालीच गत. हात कुठला तेही ठरवा, उजवा पिस्तुलाला तर स्प्रे डावीकडे असं काही जण करतात, मी म्हणेन दोन्ही उजव्यानेच काढायचं आणि स्प्रे आधी. तिखट नसलेले सरावाचे डबे मिळतात, घरून निघायच्या आधी एक मागवून अंगणात तिघांनीही एकेकदा मारून बघा, वाऱ्याच्या दिशेने फवारा किती वळतो ते बघितल्याशिवाय कळत नाही. आणि तिकडे डबा घेताना तळाशी एक्स्पायरी बघा.